माळवाडीची चढण आणि टाकीचं झाकण

गुरुवार, बारा डिसेंबर : वाई ते माळवाडी

हजर तिघं. चाकावर माझे यजमान भालचंद्र, मधे मी, आणि खिडकीशी माझी मोठी नणंद नलूवन्सं, कारण त्यांना घाट लागतो. मागच्या हौद्यात आमच्या दुकानातली लग्नाची भांडी: तीन मोठी पातेली, पराती, एक काहील, झारे, डाव, पाण्याचं पिंप. प्रत्येकावर खडूने आकडा घातलेला आणि मधल्या फटींत पेंढा कोंबलेला, म्हणजे वळणावर आपटू नयेत. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं आणि सातलाच निघालो. अशा गोष्टी मला जमतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे आहे त्यात न जमलेलंच जास्त आहे.

जायचं होतं पोलादपूरच्या वर डोंगरात, माळवाडीला. तिथली अंजली उतेकर नर्सिंग शिकायला आमच्याकडे वाईत राहिली होती. आली तेव्हा वरच्या खोलीतली भाडेकरू होती, गेली तेव्हा घरातली होती. आजारपणात माझ्या पायांना तेल लावणारी ती एकटीच. तिचं लग्न शनिवारी; मुलगा महाडजवळच्या नाते गावातला. तिचे वडील शांताराम उतेकर आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, वाडीच्या जेवणाला भांडी आमची.

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. डिझेलचा काटा कधीचा मेलेला. टाकीत काठी घालून बघायचं. निघताना भालचंद्रांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला झाकणातून डिझेल उडायला लागलं. वास थेट आत. पाचगणी येईपर्यंत वन्संचा चेहरा कागदासारखा झाला होता. महाबळेश्वरला त्या घाईघाईने खाली उतरल्या आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

बाजारातून नवी चप्पल घेतली. जुनी त्या फेकणार, एवढ्यात माझं लक्ष तिच्या तळव्याकडे गेलं. जाड, मऊ रबर. मी टाकीचं झाकण काढून पाहिलं. आतलं रबर झिजून गेलेलं, आणि झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक. मी भालचंद्रांना म्हटलं, हे बघा, इथून उडतंय. भाजीच्या सुरीने तळव्यातून मापाची चकती कापली, झाकणात दाबून बसवली, झाकण गच्च पिळलं. कडेने बोट फिरवलं. कोरडं.

"माझी चप्पल गाडीला," वन्सं म्हणाल्या. "आता घाट तिला लागू दे, मला नको."

आम्ही तिघंही हसलो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि ते पुढचे दोन दिवस टिकलं.

आंबेनळीचा घाट उतरताना पाहण्यासारखा आहे, फक्त चालवणाऱ्याने पाहू नये. वर झाडी ओलसर, काळपट. खाली उतरावं तसं गवत पिवळं होत जातं आणि सावित्रीचं खोरं धुरकट निळं दिसायला लागतं. वळणागणिक एकेक कपडा उतरवावा असं वाटतं. महाबळेश्वरला मी शाल पांघरली होती, पोलादपूरच्या चहाच्या टपरीवर पदराने वारा घेत होते. महामार्गावर कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. आमच्याकडे हॉटेलवाला चहाबरोबर पाणी आणून ठेवतो. इथे त्याने आधी वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि न विचारता कोकमाचं सरबत आणून ठेवलं.

माळवाडीला जायचा रस्ता हमरस्ता सोडून डोंगरात शिरतो. शेवटची चढण उभी आहे. त्या चढणीवर गाडीने दम खाल्ला. एकदा, दोनदा, खोकला आल्यासारखं. भालचंद्रांनी पहिला गिअर टाकला, पायाने जोर दिला, तरी ती कुरकुरतच वर आली. मी म्हटलं, भांड्यांचं वजन आहे. तेव्हा मी हे म्हटलं होतं, हे लक्षात ठेवावं. मी नंतर ठेवलं नाही.

गाडीचा रस्ता वाडीच्या खालच्या माळावर संपतो. तिथून वर घरांपर्यंत पायवाट. आम्ही थांबलो तशी माणसं खाली आली, आणि मी आकडे वाचून दाखवायच्या आत भांडी डोक्यावर चढून वर निघालीसुद्धा. सगळ्यांत मोठं पातेलं (इथे त्याला टोप म्हणतात) एकट्याने उपडं डोक्यावर घेऊन जो चालत गेला, त्याचा फक्त आवाज आतून घुमत ऐकू येत होता: "वैनी, वाटेला लागा, मला दिसत नाय, तुम्ही म्होरं चाला." ते अंजलीचे चुलते, रामचंद्र उतेकर. वाडीत त्यांची भातगिरणी आहे, डिझेलच्या इंजिनावर चालणारी.

संध्याकाळी पोलादपूरहून खुर्च्या आणायच्या होत्या. रामचंद्रांनी भालचंद्रांना विचारून आमची गाडी नेली. परत आल्यावर त्यांनी गिरणीतला कॅन आणून आमच्या टाकीत डिझेल ओतलं. आम्ही नको म्हणत होतो. शांतारामभाऊ म्हणाले, इथे लग्नकार्याला कोणाची गाडी वापरली तर ती रिकामी परत देत नाहीत, तेवढं राहू द्या. आमच्याकडे अशी पद्धत नाही. मला ती आवडली, वहीत टिपून घेतली.

त्या दिवशी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. वन्संनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि घाट लागतो हे सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

शुक्रवार : महाड, वीर आणि हळद

दुपारी चारला हळद. त्याआधी दोन कामं होती: महाडच्या बाजारातून भाजी आणि फुलं, आणि वीर स्टेशनवरून अंजलीच्या मुंबईच्या मामांना आणणं. हळदीची पिवळी साडी आणि चुडा मामांकडे होता, त्यामुळे मामांशिवाय हळद नाही. काम माझ्याकडे आहे म्हटल्यावर शांतारामभाऊ निर्धास्त झाले. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

जाताना गाडी नीट चालली. उतारच होता. महाडला भाजी घेतली, वीरला गेलो. गाडी वेळेवर आली, मामा-मामी उतरले. रिक्षावाल्यांनी त्यांच्या बॅगा धरल्या, त्यांच्या हातून मी सोडवून घेतल्या. मामी पुढे बसल्या, मी आणि मामा मागे भाजीच्या पोत्यांवर. मामांनी डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाले, "मुंबईहून इथवर बसायला जागा मिळाली नव्हती. इथे वांग्यांवर मिळाली."

महाडला परत शिरतानाच सुरू झालं. गाडी आधी ओढ सोडायची, मग आचके द्यायची. भालचंद्र पायाने दाबत होते आणि ती उलट मंदावत होती. शेवटी मोरीजवळ बंदच पडली. थोडं थांबून चावी फिरवली तर सुरू झाली आणि पुन्हा तेच. गॅरेज जवळच होतं, ढकलत नेली. मामांनीही ढकलली, नव्या शर्टात.

गॅरेजवाल्याने हवेची जाळी काढून झटकली; तीत पेंढ्याचा भुसा निघाला, पण फार नाही. मग डिझेलचा फिल्टर खोलला, आतलं डिझेल बाटलीत धरलं. तळाला पाण्याचे दोनचार थेंब दिसत होते. तो म्हणाला, एवढ्याने बंद पडणार नाही, पण बदलतो. नवा फिल्टर टाकला, हाताने पंप मारून नळीतली हवा काढली. गाडी एका चावीत सुरू झाली. मी विचारलं, मग झालं कशामुळे. तो हात पुसत म्हणाला, सांगता येत नाही, डिझेल कुठलं आहे? पंपावरचं की सुट्टं?

हा त्याचा साधा प्रश्न होता. माझ्या डोक्यात मात्र तिथेच उत्तर बसलं. सुट्टं. कॅनमधलं. काल ओतलेलं.

महाड सोडताना गाडी सुसाट होती, पोलादपूरपर्यंत ठीक. डोंगराच्या रस्त्याला लागलो आणि पुन्हा ओढ गेली. थांबायचं, वाट बघायची, थोडं चढायचं, पुन्हा थांबायचं. एकदा थांबलो असताना मागून कुठूनतरी ठण्ण असा आवाज आला. मामा म्हणाले, भांडं पडलं का? भांडी तर वर वाडीत होती. मी लक्ष दिलं नाही. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते.

शेवटच्या चढणीला गाडी चढेचना. भाजी खालीच उतरवून माणसांकरवी वर पाठवली आणि रिकामी गाडी कशीबशी माळापर्यंत आणली. वर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायका चारपासून मांडवात बसलेल्या; अंजली जुनं पातळ नेसून पाटावर; उखळीपाशी हळद वाळून कडेला चिकटलेली. शांतारामभाऊंनी मामांच्या बॅगा उचलल्या आणि माझ्याकडे न पाहता आत गेले. तेच मला लागलं. काम माझ्याकडे होतं आणि ते चुकलं होतं, आणि ते माझ्यामुळे चुकलेलं नाही हे सर्वांना कळायला हवं, एवढीच मला घाई झाली.

रामचंद्र मांडवाच्या खांबाला दिव्यांची माळ बांधत होते. मी सरळ त्यांच्यापुढे गेले. स्पीकरवाला गाणं बदलत होता, त्यामुळे नेमका त्याच वेळी मांडव शांत होता.

"रामभाऊ, तुमच्या कॅनमधल्या डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेलं होतं का?"

ते माळ हातात धरून उभे राहिले. "नाय वैनी. गिरणीचं हाय. अख्ख्या वाडीचा तांदूळ त्याच्यावर निघतो."

"गॅरेजवाला म्हणाला सुट्ट्या डिझेलात भेसळ असते."

"गाडी आधीच दम खात व्हती. खुर्च्या आणताना. मला वाटलं डिझेल संपत आलं, म्हणून तर ओतलं." मग, जणू हेही सांगायला हवं म्हणून ते म्हणाले, "तुमची ती चपलेची चकती पण पुसून जशीच्या तशी बसवली. झाकण पार पिळलं."

चपलेची म्हटल्यावर कोणीतरी हसलं. त्या हसण्याचा मला राग आला.

"आमची गाडी वाईहून इथपर्यंत एकदाही अडली नव्हती," मी म्हणाले.

हे खोटं होतं. भालचंद्र माझ्यामागे उभे होते, त्यांना ते माहीत होतं. वन्संनाही माहीत होतं.

रामचंद्रांनी माळ खाली ठेवली आणि ते गेले. थोड्याच वेळात वरच्या अंगाने गिरणीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. उरलेलं डिझेल कॅनमधून इंजिनात ओतून त्यांनी गिरणी चालू केली होती, आत दाणा नसताना. टुकटुक एकसारखी, न अडखळता. सगळा मांडव ती ऐकत बसला. मीही ऐकली. एक म्हातारी बाई म्हणाली, "रिकामी गिरण फिरवू नको म्हणावं त्याला. लग्नघर हाय." कोणीतरी जाऊन सांगितलं, आवाज थांबला.

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण मामा म्हणाले की मुंबईत तर सगळंच मिक्स येतं, कॅनच्या तळाला गाळ असणार. दुसरं कोणी म्हणालं, मागच्या आठवड्यात तांदळाला वास येत होता खरा. तिसरी म्हणाली, मलापण वाटला होता. मी तिथेच उभी होते. माझ्या एका वाक्याची चार वाक्यं होताना पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं, की मी एकटी नाही.

हळद लागली. अंजलीने माझ्याही गालाला लावली.

शनिवार : लग्न

मी अर्धवट काम ठेवत नाही. सकाळी लवकर उठून एक रिकामी काचेची बाटली आणि रबरी नळी घेतली. टाकीतलं डिझेल काढून ठेवायचं, वाईच्या आमच्या मेकॅनिकला दाखवायचं, म्हणजे सोक्षमोक्ष. वन्संना पायवाटेने चालायला सोबत हवी होती, त्याही माझ्याबरोबर माळावर आल्या. माळावर दव होतं. पिकअपच्या काचेवर कोंबड्याचे पाय उमटलेले.

झाकण फिरेना. दोन्ही हातांनी पिळलं. मग ते एकदम सैल झालं आणि फुस्स करून हवा आत गेली, एवढ्या जोराने की माझ्या बोटांना ओढ जाणवली. पाठोपाठ ठण्ण. टाकीचा पत्रा आत ओढला गेलेला होता, तो जागेवर आला.

कुकरची शिट्टी आणि झाकण यांत माझा जन्म गेला आहे. हवा कुठे अडते आणि अडली की काय होतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डिझेल संपेल तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ते सुईएवढं भोक त्यासाठीच होतं. मी ते चपलेने बंद केलं होतं. रबर डिझेल पिऊन फुगलं होतं आणि झाकण बाटलीच्या बुचासारखं बसलं होतं. इंजिन ओढत होतं, टाकी सोडत नव्हती. चढणीला जास्त ओढ, म्हणून चढणीला जास्त आचके. फिल्टर खोलला की नळीतून हवा आत जायची, म्हणून गॅरेजमधून निघताना ठीक. आणि रामचंद्रांनी ओतायला झाकण उघडलं तेव्हा त्यांनी उलट गाडी बरी केली होती. मग पाहुण्यांची वस्तू म्हणून चकती पुसून परत बसवली होती.

काठी घातली. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली. डिझेल स्वच्छ.

वन्संनी विचारलं, "काय गं?"

"काही नाही," मी म्हणाले. चकती काढून पिशवीत टाकली, झाकण नुसतं ठेवलं. बाटली रिकामीच परत आणली.

मला वाटलं होतं, वर जाऊन लगेच सांगेन. वाटेत दोनदा वाक्य तयार केलं. वर मांडवात नाते गावची वऱ्हाडी मंडळी येऊन बसली होती, चहा फिरत होता. मी स्वतःला सांगितलं, परक्यांसमोर नको. हे कारण त्या वेळी अगदी योग्य वाटलं. काल मामा परकेच होते, स्पीकरवाला परका होता, तेव्हा ते आठवलं नव्हतं.

थोड्या वेळाने भालचंद्र वराकडचं सामान आणायला गाडी घेऊन गेले आणि चढण एका दमात चढून आले. खूश होते. चार माणसांत म्हणाले, "खराब डिझेल जळून गेलं बहुतेक." त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. म्हणजे आता ते सिद्धच झालं. माझ्या आरोपाला माझ्या नवऱ्याची साक्ष, आणि साक्ष खोटी आहे हे फक्त मला ठाऊक.

लग्न लागलं. मंगलाष्टकं मला नीट ऐकू आली नाहीत. त्यानंतर जेवण.

माळवाडीत लग्नाच्या भाताचा पहिला टोप उतरला की त्याचं झाकण गिरणीवाल्याने काढायचं. तांदूळ त्याच्या गिरणीतून आलेला. पहिली मूठ तो वाडीच्या देवीच्या नावाने केळीच्या पानावर काढतो, मग वाढायला सुरुवात. अंजलीने हे मला वाईत असताना सांगितलं होतं, की आमच्या रामाकाकांशिवाय पंगत बसत नाही. टोप माझा होता. सगळ्यांत मोठा, रामचंद्रांनी डोक्यावरून नेलेला. वाफ निघत होती, माणसं बसली होती, आणि रामचंद्र चुलीपासून लांब, पाण्याच्या पिंपाशी उभे होते. शांतारामभाऊंनी हाक मारली.

"दुसऱ्या कोणाला सांग," ते म्हणाले. "माझ्या हातचं आज नको. कोणाला वास आला म्हंजे?"

त्यात राग नव्हता. त्यांनी पिंपातून तांब्या भरला आणि पंगतीत पाणी वाढायला लागले. झाकण शांतारामभाऊंनी काढलं. त्यांना सवय नव्हती, वाफेने हात भाजला. पहिली मूठ पानावर पडताना थोडी मातीत सांडली.

मी पंगतीत बसले होते. पानावर भात आला. पांढरा, मोकळा, नव्या तांदळाचा वास येणारा. त्या वेळी उठून बोलले असते तर एका मिनिटाचं काम होतं. मी भात कालवला आणि खाल्ला.

पंगत उठल्यावर अंजलीने मला घरात बोलावलं. हिरवा चुडा, शालू, कपाळाला मुंडावळ्या. दार लोटून तिने हळूच विचारलं, "काकू, रामाकाकांच्या डिझेलमध्ये खरंच काही होतं का?"

ती मला विचारत होती, कारण मी सांगेन ते खरं असणार याची तिला खात्री होती.

"गाडी चालतेय ना आता," मी म्हणाले. "आजच्या दिवशी सोड तो विषय."

ती बरं म्हणाली. वाकून नमस्कार केला.

रविवार : परत

भांडी सोमवारच्या पूजेच्या जेवणासाठी वाडीतच ठेवायची ठरली. मी म्हटलं, नंतर सवडीने येऊन घेऊन जाईन. मनात म्हटलं, तेव्हा सांगेन. भांडी आणायला येणारच आहोत या विचाराने मला एकदम हलकं वाटलं.

निघताना सगळे माळापर्यंत आले. शांतारामभाऊंच्या हाताला फडकं बांधलेलं. सगळ्यांत शेवटी रामचंद्र आले, खांद्यावर कापडी पिशवी. ती त्यांनी मागे हौद्यात न ठेवता माझ्या मांडीवर ठेवली.

"गाडीत डिझेल घालत नाय, वैनी. पोलादपूरला पंपावर भरा." मग पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "नवा तांदूळ हाय. ह्यात कायबी मिसळलेलं नाय."

मी थँक्यू म्हणाले. मराठी बोलायला तोंड उघडलं असतं तर बहुतेक सगळंच बाहेर आलं असतं, आणि ते मला नको होतं.

आंबेनळीचा घाट गाडी अशी चढली की जणू नवी. भालचंद्र गुणगुणत होते. अर्ध्या घाटात, जिथून खालचं सगळं खोरं दिसतं, तिथे मी पिशवीतून चकती काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि सांगितलं. भालचंद्रांनी गाडी कडेला घेतली. चकती उचलून अंगठ्याने दाबून पाहिली. मग म्हणाले, "मी चारचौघांत बोललो, जळून गेलं म्हणून. मला बोलू दिलंस."

वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. "मी काल सकाळीच ऐकलं होतं ते फुस्स," त्या म्हणाल्या. "माझीच चप्पल होती. वाटलं तू सांगशील, म्हणून थांबले. मग जेवणात थांबले. मग निघताना."

भालचंद्रांनी विचारलं, गाडी वळवू का. रस्ता रुंद होता, वळली असती. मी म्हटलं, आता नको, अंधार होईल. ऊन चांगलं वर होतं.

त्यानंतर

वाईला आल्यावर नवं झाकण आणलं, भोक असलेलं. आठवड्याने अंजलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाली, "काकू, मी रामाकाकांना सांगीन. पण मला सांगून काय होणार. तुम्ही मांडवात बोलला होतात."

मी विचारलं, मग काय करू. ती म्हणाली, शिमग्याला मुंबईची सगळी माणसं येतात, वाडी भरलेली असते, देवीपुढे सगळे बसतात. तेव्हा या. बायका अजून लांबच्या गिरणीवर जातात, हेही तिने सांगितलं. सांगताना तिचा आवाज नर्सचा होता, घरातल्या मुलीचा नव्हता.

मी ठरवलं, भांडी आणायला जाऊ तेव्हाच शिमगा गाठू. एका फेरीत दोन्ही कामं. पण जानेवारीत एका दुपारी स्ट्रॉबेरीवाल्याचा टेंपो महाडकडून परत येताना दुकानापुढे थांबला. त्यात आमची सगळी भांडी. पातेली, पराती, काहील, झारे, डाव, काहीही कमी नाही. राखेने अशी घासलेली की माझे खडूचे आकडेही गेलेले. ड्रायव्हर म्हणाला, माळवाडीच्या गिरणीवाल्याने पाठवलीत, वैनींना खेप पडू नये म्हणून.

आता शिमगा दोन आठवड्यांवर आहे. तांदळाची पिशवी मी अजून सोडलेली नाही. वन्सं रोज सकाळी विचारतात, तो आज लावू का, आणि मी म्हणते, राहू द्या. गाडी तयार आहे. टाकी भरलेली आहे, झाकण नवं आहे, चढणीला एकदाही अडत नाही. माळवाडीला न्यायचं काही नाही, तिथून आणायचंही काही नाही. नुसतं जाऊन, सगळ्यांसमोर उभं राहून, बोलायचं राहिलं आहे.